फाशीने न्याय होतो काय?

(नागपूर येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या भाषणाकरिता मी जो विषय निवडला आहे तो आपल्यापैकी कित्येकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. देहान्त शासन या देशाच्या कायद्यातून काढून टाकले पाहिजे असे माझे मत आहे, आणि ते मी आपणांपुढे मांडणार आहे. सुखवस्तू लोकांच्या सभागृहात हे मत मांडणे सोपे असते. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्यापुढे ते मांडणे अवघड. मी चार वाक्ये बोललो की आपल्यापैकी कोणीतरी, बहुधा एखादी माउलीच, उठून विचारणार, "वकीलसाहेब, मग खैरलांजीच्या खुन्यांना काय हार घालावयाचे होते?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर शेवटाला न ठेवता आरंभीच देतो.

खैरलांजी हे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले गाव. तेथील भोतमांगे कुटुंब बौद्ध होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी सायंकाळी गावातील जमावाने सुरेखाबाई आणि त्यांची तीन मुले सुधीर, रोशन व प्रियांका यांना ठार मारले. प्रेते कालव्यात टाकून दिली. भैय्यालाल भोतमांगे तेवढे वाचले. आरंभीच्या तपासात आणि शवविच्छेदनात इतकी हयगय झाली की अधिकाऱ्यांना निलंबित करावे लागले, आणि लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कोठे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. पुढे भंडाऱ्याच्या न्यायालयाने २४ सप्टेंबर २००८ रोजी आठ दोषींपैकी सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप फर्मावली. आपल्यातील पुष्कळांना त्या दिवशी समाधान वाटले. ते स्वाभाविकच होते.

परंतु त्याच निकालात आणखी काय होते? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध झाला नाही, असे त्यात होते. स्त्रियांच्या विनयभंगाचा आरोप सिद्ध झाला नाही, कटाचा आरोप सिद्ध झाला नाही, असेही होते. याचा सरळ अर्थ असा की, खून झाला, तो इतका क्रूर झाला की त्याला फाशीवाचून दुसरी शिक्षा नाही, पण तो जातीमुळे झाला असे म्हणता येत नाही! पुढे १४ जुलै २०१० रोजी आपल्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. मारहाणीच्या एका जुन्या प्रकरणात या मायलेकींनी आरोपींना ओळखले होते. त्याचा हा सूड, जातीचा प्रश्न येथे नाही, असे खंडपीठाने मानले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांची शिक्षा कायम केली.

२०१० साली आपण संतापलो ते दोर काढून घेतला म्हणून. मला विचाराल तर संतापावयाचे ते २००८ सालीच. दोर आला तेव्हाही जात निकालपत्रातून गेलेलीच होती. पण फाशीचा शब्द एवढा मोठा असतो की तो कानावर पडला की बाकी काही ऐकू येत नाही. गावाने एका बौद्ध कुटुंबाचा काटा का काढला, बौद्ध स्त्रीने साक्ष दिल्याचा राग एवढा का यावा, हाच साक्षीदार वरच्या जातीचा असता तर गाव त्याच्या घरावर चालून गेले असते काय, या प्रश्नांची उत्तरे राज्याने एका अधिकृत कागदावर लिहून द्यावयास हवी होती. ती त्याने दिली नाहीत. त्यांच्याऐवजी त्याने सहा माणसांचे प्राण देऊ केले, आणि नंतर तेही परत घेतले.

येथे कायद्याची एक गोष्ट आपण लक्षात ठेवली पाहिजे. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. तेथून सर्वोच्च न्यायालय, मग पुनर्विचार, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. या सर्व काळात वकिलांचा युक्तिवाद एकाच मुद्द्याभोवती फिरत राहतो : हे प्रकरण दुर्मिळातले दुर्मिळ आहे की नाही? मेलेला माणूस कोण होता आणि का मारला गेला, हे मागे पडते. मारेकऱ्याच्या गळ्याचे काय करावयाचे, हाच खटला होऊन बसतो. भैय्यालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी याच नागपुरात वारले. अंतिम निकाल त्यांच्या हयातीत लागलाच नाही.

म्हणून त्या माउलीला माझे उत्तर असे. हार घालावयाचे नव्हते. जन्माची कैद द्यावयाची होती, आणि निकालपत्रात जातीचे नाव लिहावयाचे होते. पहिली गोष्ट फाशीवाचून होऊ शकते. दुसरी फाशीने होत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. या देशात फाशीची शिक्षा होते कोणाला?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात याचे उत्तर अगदी उघड दिलेले आहे. इतर वर्णांना जेथे देहान्त, तेथे ब्राह्मणाला मुंडन. त्याने कोणतेही पाप केले तरी राजाने त्याला मारू नये. फार तर धनासह, देहाला इजा न करता, राज्याबाहेर घालवावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळण्यात आला आणि २६ जानेवारी १९५० पासून कायद्यापुढे सारे समान झाले. कायद्याच्या पुस्तकात समान झाले, हे खरे. परंतु दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने देशातील फाशीच्या कैद्यांच्या भेटी घेऊन २०१६ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, तो काय सांगतो? या कैद्यांपैकी ७४ टक्क्यांहून अधिक आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. ७६ टक्के मागासवर्गीय किंवा धार्मिक अल्पसंख्य होते. अनुसूचित जाती-जमातींचे २४.५ टक्के होते. मनूने जे श्लोकात लिहून ठेवले होते, ते आता कोणी लिहीत नाही. न लिहिताही घडते.

ते कसे घडते, हे मी वकील म्हणून सांगू शकतो. न्यायाधीश दुष्ट असतात असे माझे म्हणणे नाही. गरीब माणसाला अटक होते तेव्हा पहिल्या रात्री त्याच्याजवळ वकील नसतो. कबुली, पंचनामा, ओळखपरेड हे सारे त्याच पहिल्या दिवसांत होऊन जाते. सरकारी खर्चाने नेमलेला वकील कधी मन लावून काम करतो, कधी आरोपीला प्रथम पाहतो तो साक्षीदार पिंजऱ्यात उभा असताना. दोषी ठरल्यानंतर शिक्षेविषयी वेगळे ऐकून घ्यावयाचे, असा नियम आहे. आरोपीचे बालपण, दारिद्र्य, मनाची स्थिती, सुधारण्याची शक्यता हे तेथे मांडावयाचे असते. ते शोधून आणावयाला पैसा लागतो, वेळ लागतो, माणसे लागतात. कित्येक खटल्यांत हे ऐकणे दोषी ठरविल्याच्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, उरकले जात असे. १९८० मध्ये बच्चनसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करा. तरीही २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात त्या न्यायालयाला मान्य करावे लागले की, १९९५ च्या एका निर्णयात गुन्हेगाराचा विचार झालाच नव्हता आणि त्या चुकीच्या निर्णयाच्या आधारे पुढेही फाशीच्या शिक्षा दिल्या गेल्या. ज्याचा तो १९९५ चा खटला, तो मनुष्य १९९६ मध्येच फासावर गेला होता. त्याला २००९ चा निर्णय वाचून दाखवावयाची सोय नव्हती.

आपल्या राज्यातलेच दोन खटले सांगतो. त्यांतील माणसांची नावे घेत नाही. त्यांनी पुष्कळ भोगले आहे.

पहिला नाशिक जिल्ह्यातला. २००३ साली शेतावरील एका झोपडीत दरोडा पडला, पाच माणसे मारली गेली आणि अत्याचार झाले. पकडले गेले भटक्या जमातीतले सहाजण. सत्र न्यायालयाने सहांनाही फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी त्या तिघांचीही पुन्हा फाशी केली. म्हणजे सहाही गळ्यांवर देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाची मोहर उठली. आणि दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून आधी वेगळीच माणसे ओळखली होती, आणि ही गोष्ट दडपली गेली होती. सहांपैकी एकजण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. सोळा वर्षांचे पाच लाख! १८७१ च्या ज्या कायद्याने जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, तो १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस ठाण्यातील वहीतून तो रद्द व्हावयाचा आहे.

दुसरा खटला पुण्याचा, १९९४ चा. एका घरातील पाच स्त्रिया आणि दोन मुले मारली गेली. दोघांना फाशी झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. त्यांच्यातला एक आपल्या येथील मध्यवर्ती कारागृहात, वर्धा मार्गावर, फाशीचा कैदी म्हणून राहिला. तेथेच त्याने शिक्षण घेतले. पुष्कळ वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेची नोंदवही पुढे आली. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, गुन्हा घडला तेव्हा हा अवघा साडेबारा वर्षांचा होता, आणि त्याला सोडून दिले. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. बाल न्यायाच्या कायद्याखाली अशा मुलाला तीन वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. आपण नागपूरकर त्या भिंतीवरून रोज जातो-येतो. त्या भिंतीमागे राज्याने एका बालकाला मारावयाचे ठरविले होते आणि ते घडले नाही ते केवळ उशीर झाल्यामुळे.

असे म्हटले जाते की या चुका अखेर दुरुस्त झाल्या, म्हणजे व्यवस्था चांगली आहे. जिवंत राहिलेल्यांच्या चुका दुरुस्त झाल्या, एवढेच यावरून सिद्ध होते.

जाता जाता आपल्याच कायद्यातील एका कलमाकडे आपले लक्ष वेधतो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात असे आहे की, एखाद्याने खोटा पुरावा दिला आणि त्यापायी अनुसूचित जाती-जमातीचा निरपराध मनुष्य फासावर गेला, तर खोटा पुरावा देणाऱ्यालाही देहान्त. आपल्या रक्षणाकरिता केलेले हे कलम. पण त्यातला कबुलीजबाब पाहा. आपला निरपराध मनुष्य खोट्या साक्षीवर लटकविला जाऊ शकतो, ही गोष्ट संसदेने गृहीत धरली. आणि ते टाळण्याकरिता फाशी काढून टाकण्याऐवजी आणखी एक फाशी ठेवली!

नगर जिल्ह्यातले दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी दलित मुलाची हत्या झाली. मराठा मुलीशी बोलला, हा त्याचा अपराध समजला गेला. साक्षीदार फिरले आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी सारे आरोपी सुटले. त्यानंतर सहाच दिवसांनी, त्याच नगरच्या न्यायालयात, कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशी झाली. कोपर्डीच्या मुलीवर झालेला अत्याचार अमानुष होता. त्या मातापित्यांचे दुःख सुरेखाबाईंच्या दुःखाहून तसूभर कमी नाही, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. माझा मुद्दा निराळा आहे. एका ठिकाणी आरोपींत दलित होते आणि राज्याची सारी यंत्रणा दक्ष राहिली. दुसऱ्या ठिकाणी मेलेला दलित होता आणि साक्षीदार एकामागून एक गळून पडले, तरी त्यांना धरून ठेवावयास कोणी नव्हते. नितीनच्या खटल्यात फाशीची शिक्षा कायद्यात उपलब्ध होतीच की! तिचा उपयोग काय झाला? सोनईच्या हत्याकांडात नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये आपल्या माणसांच्या मारेकऱ्यांना फाशी दिली, हेही खरे आहे. पण साक्षीदार टिकतात तेथे जन्मठेपही होते, आणि साक्षीदार फुटतात तेथे फाशीचे कलम कागदावरच राहते.

फाशीच्या भीतीने गुन्हे कमी होतात, या म्हणण्यावर मी फार वेळ घालवीत नाही. विधि आयोगाने १९६७ मध्ये फाशी राहू द्यावी असे म्हटले होते. त्याच आयोगाने २०१५ च्या अहवालात, जन्मठेपेहून फाशीचा धाक अधिक असतो याला पुरावा नाही असे सांगून, दहशतवाद व युद्ध पुकारणे एवढे गुन्हे सोडून बाकी सर्वत्र ती रद्द करावी अशी शिफारस केली. गुन्हेगार शिक्षेचा आकडा पाहत नाही. आपण पकडले जाऊ काय, एवढे पाहतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी आपल्या कस्तुरबानगरच्या स्त्रियांनी आणि जमावाने एका गुंडाला न्यायालयाच्या आवारात ठार मारले, हे आपण जाणता. पुढे २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या स्त्रियांना इतक्या टोकाला कोणी नेले? कायद्यात फाशी नव्हती म्हणून त्या तेथे गेल्या काय? वर्षानुवर्षे वस्तीवर अत्याचार होत राहिले आणि त्यांच्या तक्रारींना दाद मिळाली नाही, म्हणून गेल्या. ज्या राज्याला तक्रार लिहून घेता येत नाही, त्याच्या हाती दोर देऊन काय साधणार?

आता धम्माचे काय सांगणे आहे, ते पाहू. पहिल्या शीलात आपण प्राणिहिंसेपासून विरत राहण्याची प्रतिज्ञा घेतो. पण शील व्यक्तीने पाळावयाचे, राज्याला ते लागू नाही, असा युक्तिवाद काहीजण करतात. बुद्धाने राज्यालाही तेच सांगितले आहे. दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद नावाचे सुत्त आहे. त्यात राजा गरिबांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी होते. पकडलेल्या पहिल्या चोराला राजा पैसे देतो, तेव्हा पैशाच्या आशेने चोऱ्या वाढतात. मग राजा चोराचा शिरच्छेद करवितो. ते पाहून लोक काय शिकतात? तेही तीक्ष्ण शस्त्रे घडवितात आणि ज्यांना लुटावयाचे त्यांची डोकी उडवू लागतात. राजाने मारावयास शिकविले आणि प्रजा शिकली. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे सुत्त मला आजच्या कोणत्याही गुन्हेशास्त्रापेक्षा अधिक व्यवहारी वाटते. कूटदन्त सुत्तातही तेच : वध आणि बंधने यांनी लुटारू संपत नाहीत, शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन द्या.

अंगुलिमालाची कथा आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण तिचा उत्तरार्ध आपण सहसा सांगत नाही. कोसलचा राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला धरावयास निघाला होता. चीवर धारण केलेला अंगुलिमाल त्याने पाहिला आणि त्याला न मारता तो परत गेला. एवढ्यावर कथा संपत नाही. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला लोकांनी दगड मारले. डोके फुटले, भिक्षापात्र भंगले, चीवर फाटले. तथागताने त्याला सांगितले, सहन कर, हे तुझ्या कर्माचे फळ आहे. याचा अर्थ असा की धम्म अपराध्याला सवलत देत नाही. त्याला जगून फळ भोगावयास लावतो, आणि बदलावयास अवधी देतो. रामटेक-मनसरच्या ज्या भूमीशी परंपरा नागार्जुनाचे नाव जोडते, त्या नागार्जुनानेही राजाला उपदेश करताना रत्नावलीत म्हटले आहे की, खुन्याला ओळखून राज्याबाहेर घालवावे. त्याला मारू नये, त्याचा छळ करू नये.

अशोकाने फाशी रद्द केली, असे काही उत्साही वक्ते सांगतात. ते खरे नाही आणि खोट्याची आपल्याला गरज नाही. त्याच्या चौथ्या स्तंभलेखात एवढेच आहे की, देहान्ताची शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत द्यावी. तेवढ्यात त्याच्या नातलगांनी प्राणाकरिता विनवणी करावी आणि त्याने परलोकाची तयारी करावी. परंतु हे तीन दिवस आठवले की मला ३० जुलै २०१५ ची पहाट आठवते. मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे मेली. त्या खटल्यातला याकूब मेमन आपल्या कारागृहात होता. दोन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्याच्या प्रकरणी एकमत झाले नाही, तेव्हा तिघांचे पीठ बसले. २९ जुलैच्या रात्री राष्ट्रपतींनी त्याचा दयेचा दुसरा अर्ज फेटाळला. दयेचा अर्ज फेटाळल्यापासून फाशीपर्यंत चौदा दिवस जाऊ द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१४ मध्ये सांगितले होते. त्या चौदा दिवसांकरिता वकिलांनी मध्यरात्री धाव घेतली. न्यायालय पहाटे तीनच्या सुमारास बसले, आणि पहिला अर्ज फेटाळला तेव्हापासून पुरेसा अवकाश मिळाला आहे, असे म्हणून त्याने विनंती नाकारली. सकाळी सात वाजण्याच्या सुमारास वर्धा मार्गावरच्या भिंतीआड सारे संपले. त्याचा अपराध लहान होता असे मी म्हणत नाही. पण अशोकाचे तीन दिवस त्याच्या शेवटच्या अर्जाला मिळाले नाहीत. अशोकचक्र आपल्या ध्वजावर आहे.

बाबासाहेबांचे मत काय होते, हे आपण विचारणारच. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फौजदारी अपिलांचा विषय निघाला. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा काय, यावर चर्चा चालली होती. त्या वेळी बाबासाहेबांनी आपले मत स्पष्ट केले की, अपिलाची तजवीज करण्यापेक्षा देहान्त शासनच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे. या देशाचे लोक आचरणात नसले तरी तत्त्व म्हणून अहिंसा मानतात, तेव्हा या देशाने ती शिक्षा संपूर्ण काढून टाकावी हेच योग्य. तत्पूर्वी १९४८ मध्ये एका सभासदाने घटनेतच फाशीबंदी घालण्याची दुरुस्ती आणली होती. ती मात्र स्वीकारली गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. घटनेत ती बंदी आली नाही. बाबासाहेबांचे मत सभेच्या नोंदीत आहे. ज्याने अस्पृश्यतेची झळ स्वतः सोसली, ज्याला सूडाचे कारण या देशात कोणाहूनही अधिक होते, त्याने हे मत दिले.

भूतानने २००४ मध्ये फाशी रद्द केली. कंबोडियाने १९८९ मध्येच केली. श्रीलंकेत कायदा आहे, पण १९७६ पासून कोणी फासावर गेलेले नाही. जपान आणि थायलंड येथे ती शिक्षा अजून आहे. तेव्हा बौद्ध म्हणवून घेतले की हे आपोआप घडते, असे नाही.

आपल्याकडे तर गाडी उलट्या दिशेला चालली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खुनाला फाशी आहेच. शिवाय पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जमात अशा कारणांवरून केलेल्या खुनाकरिता वेगळे कलम आले आहे, आणि त्यातही फाशी किंवा जन्मठेप आहे. त्या कलमात 'जात' हा शब्द आला, याचे मी स्वागत करतो. मात्र माझी भीती अशी की, फाशी समोर दिसत असली की न्यायाधीशाचा हात आखडतो आणि तो 'जात' सिद्ध झाली नाही असे म्हणून मोकळा होतो. कठोर शिक्षेने दोषी ठरविणे अवघड होते, हा आम्हा वकिलांचा नित्याचा अनुभव.

तेव्हा आपण मागावयाचे काय? दोर मागू नका, हे माझे सांगणे झाले. मागण्यासारखे जे आहे ते कायद्यात आधीच लिहिलेले आहे, आणि ते मागणारे फार थोडे आहेत. पहिली गोष्ट, धम्मदीक्षा घेतल्याने अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. ठाणेदार "तुम्ही तर आता बौद्ध" म्हणाला तर त्याला हे वर्ष सांगा. दुसरी, खैरलांजीच्या वेळी गुन्हा जातीच्या कारणावरून झाला हे सिद्ध करावे लागे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. आता गंभीर गुन्ह्यात मारला जाणारा अनुसूचित जातीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, एवढे सिद्ध केले तरी पुरते. एका गावात राहणाऱ्याला ते ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? तिसरी, तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करावयाचा नाही. हवालदाराने जबाब घेतले असतील तर त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्या. वर्षाने घेतलेल्या हरकतीचा फायदा आरोपीला होतो.

आणि कलम १५-अ घरातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्या. साक्षीदारांना संरक्षण, त्यांच्या प्रवासाचा व निर्वाहाचा खर्च, जामिनाच्या वेळी आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क, हे सारे त्यात आहे. जामिनाची नोटीस आल्याशिवाय जामीन झाला, तर तो आदेश रद्द करून मागता येतो. खर्ड्याचे साक्षीदार फिरले ते याच गोष्टींच्या अभावी. प्रथम खबर नोंदविली की तिची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्याच्या पायऱ्या उतरू नका, आणि तिच्यावर अत्याचार कायद्याचे कलम लावले आहे की नाही, ते तेथेच उभे राहून वाचा.